भरभर श्वास आणि डोळ्यांपुढची अंधारी: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

श्वासाचा वेग, चक्कर आणि डोळ्यांपुढे येणारी अंधारी याबद्दल निपाणी, खानापूर, चिकोडी, हुक्केरी, सौंदत्ती आणि बेळगावातून आलेली पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. बहुतेक पत्रांच्या मुळाशी एकच समजूत दिसते: श्वास जितका जोरात आणि भरभर घ्यावा, तितका मेंदूला ऑक्सिजन जास्त मिळतो. ही समजूत चुकीची आहे, आणि काही वेळा जिवावर बेतते. म्हणून पहिले उत्तर जरा लांबले आहे.

प्रश्न: मुलगी पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला (बारावीला) आहे. परीक्षा जवळ आली की तिला एकदम धाप लागते, ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या येतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. ऑक्सिमीटर मात्र ९९ दाखवतो. शेजारच्या काकू म्हणतात, ऑक्सिजन कमी पडतोय, मोठे मोठे श्वास घे. मग हा ९९ आकडा खोटा समजायचा का? (एक आई, निपाणी)

उत्तर: आकडा खरा आहे आणि मुलीला होणारा त्रासही खरा आहे. बोटातल्या धमनीच्या रक्तातले हिमोग्लोबिन ऑक्सिजनने किती टक्के भरलेले आहे, एवढेच ऑक्सिमीटर सांगतो. ते रक्त मिनिटाला किती प्रमाणात मेंदूत पोहोचते हे त्याला कळायला मार्ग नाही.

शांत बसलेला निरोगी माणूस मिनिटाला १२ ते २० श्वास घेतो आणि दर श्वासाला साधारण अर्धा लिटर हवा आत जाते. एवढ्यावरच हिमोग्लोबिन ९७-९८ टक्के भरलेले असते. श्वास दुप्पट केले तरी उरलेले दोन टक्केच भरायचे असतात. १०० मिलिलिटर रक्तात साधारण १८ ते १९ मिलिलिटर ऑक्सिजन असतो. धापा टाकून त्यात जेमतेम अर्धा मिलिलिटर वाढतो.

कार्बन डायऑक्साइडचे तसे नाही. तो दर श्वासाबरोबर बाहेर जातो. धमनीतल्या रक्तात त्याचा दाब एरवी पाऱ्याच्या ३५ ते ४५ मिलिमीटर असतो. जोराची धाप लागली तर दोन-तीन मिनिटांत तो २५ पर्यंत, कधी त्याहूनही खाली उतरतो. आणि मेंदूच्या रक्तवाहिन्या किती रुंद राहणार हे ठरवणाऱ्या गोष्टींत कार्बन डायऑक्साइडचा वाटा फार मोठा आहे. हा दाब १ मिलिमीटरने उतरला की मेंदूचा रक्तपुरवठा साधारण ३ टक्क्यांनी घटतो. सेमूर केटी आणि कार्ल श्मिट या अमेरिकी शास्त्रज्ञांनी निरोगी तरुणांना मुद्दाम भरभर श्वास घ्यायला लावून हे मोजले आणि १९४६ मध्ये प्रसिद्ध केले. मेंदूचा रक्तपुरवठा सुमारे एक तृतीयांशाने कमी झालेला त्यांना दिसला. हिडकलचे धरण काठोकाठ भरलेले आहे आणि कालव्याचे दार मात्र खाली उतरवले आहे, अशी ही अवस्था. ऑक्सिमीटर धरणाची पातळी वाचत राहतो.

यात आणखी एक भर पडते. कार्बन डायऑक्साइड घटला की रक्त अल्कधर्मी होते आणि अशा रक्तातले हिमोग्लोबिन ऑक्सिजन सहजासहजी सोडत नाही. हा परिणाम डेन्मार्कच्या क्रिश्चियन बोर यांनी १९०४ मध्ये दाखवला आणि त्यांच्याच नावाने तो ओळखला जातो. म्हणजे रक्त कमी पोहोचते, आणि जे पोहोचते तेही हात आखडता घेते.

आता हिशेब पाहा. मेंदूच्या दर १०० ग्रॅमला मिनिटाला सुमारे ५० मिलिलिटर रक्त मिळते आणि त्यातला सुमारे ३.३ मिलिलिटर ऑक्सिजन मेंदू वापरतो. शरीराच्या वजनाच्या २ टक्के असलेला हा अवयव विश्रांतीतल्या एकूण ऑक्सिजनपैकी २० टक्के घेतो, आणि साठा जवळपास ठेवत नाही. पुरवठा एक तृतीयांशाने घटला तरी गरज तेवढीच राहते, म्हणून मेंदू त्याच रक्तातून जास्त ऑक्सिजन ओढतो. मेंदूतून परतणाऱ्या रक्तात एरवी ६०-६५ टक्के ऑक्सिजन शिल्लक असतो, तो पन्नासच्या खाली येऊ शकतो. निरोगी मुलगी यातून सहीसलामत बाहेर पडते ती याच राखीव फरकावर. पण तो फरक कमी झाल्याचे शरीर कळवते: डोके हलके वाटते, समोरचे खोटे-खोटे वाटू लागते, लक्ष लागत नाही, नजर धूसर होते.

मुंग्यांचे कारण निराळे. अल्कधर्मी रक्तात कॅल्शियम प्रथिनांना जास्त चिकटते, मोकळे कॅल्शियम घटते आणि मज्जातंतू विनाकारण उत्तेजित होतात. आधी ओठ आणि बोटे बधिर होतात, मग बोटे आपोआप वळून आखडतात. घरचे लोक इथेच घाबरतात, त्यांना लकवा वाटतो. लकवा बहुधा एका बाजूला होतो, हे मात्र दोन्ही हातांना होते.

काकूंचा सल्ला म्हणूनच उलटा पडतो. मोठ्या श्वासांनी कार्बन डायऑक्साइड आणखी उतरतो.

ऑक्सिमीटरबद्दल एक इशारा निपाणीकरांना विशेष द्यायला हवा. ९९ दिसले म्हणजे सगळे ठीक, असे धरून चालू नका. हिमोग्लोबिन १४ ऐवजी ७ असेल तरी यंत्र ९९ दाखवते, कारण आहे तेवढे हिमोग्लोबिन भरलेलेच असते. प्रत्यक्षात ऑक्सिजन निम्मा असतो. विडी-सिगारेटच्या किंवा बंद खोलीतल्या शेगडीच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला चिकटला तर साधे ऑक्सिमीटर त्यालाही ऑक्सिजनच समजते. मुलीला 'टेन्शन' आहे असे ठरवण्याआधी एकदा रक्ततपासणी करून हिमोग्लोबिन पाहा. नखाला गडद नेलपॉलिश असेल किंवा बोटे गार असतील, तर आकडा पुन्हा घ्या.

प्रश्न: धाप लागल्यावर येणारी अंधारी डोळ्यात येते की मेंदूत? दोन्हीला ऑक्सिजन सारखाच कमी पडतो का? (शिक्षक, खानापूर)

उत्तर: दोन्हीकडे परिणाम होतो, पण सारखा नाही.

डोळ्याच्या पडद्याला, म्हणजे दृष्टिपटलाला, दोन बाजूंनी रक्त मिळते. आतल्या थरांना बारीक धमन्यांच्या फांद्यांतून, आणि प्रकाश टिपणाऱ्या बाहेरच्या थराला पडद्यामागच्या रक्तवाहिन्यांच्या दाट जाळीतून. डोळ्यात येणाऱ्या रक्ताचा फार मोठा हिस्सा या मागच्या जाळीत जातो. वजनाच्या मानाने पडद्याची ऑक्सिजनची भूक मेंदूच्या तोडीची आहे, आणि अंधारात ती वाढते, कारण प्रकाश टिपणाऱ्या पेशी अंधारातच जास्त ऊर्जा खर्च करतात.

पडद्याच्या आतल्या धमन्यांवर स्वायत्त मज्जातंतूंचा ताबा नसतो. आजूबाजूचे वायू पाहून त्या स्वतःच अरुंद-रुंद होतात. कार्बन डायऑक्साइड घटला की अरुंद होतात, आणि शुद्ध ऑक्सिजन दिला तरी अरुंद होतात. बदल दिसायला थोडा वाटतो, पण नळीचा व्यास ५ टक्क्यांनी कमी झाला की, दाब तोच असताना, तिच्यातला प्रवाह साधारण १८-१९ टक्के घटतो. मागची जाळी मात्र पुरवठा चालू ठेवते आणि बाहेरच्या थराला सांभाळून घेते. निरोगी डोळ्याला धापेच्या एका झटक्याने कायमची इजा होत नाही ती यामुळे.

मग अंधारी का? डोळ्याच्या आत स्वतःचा १० ते २१ मिलिमीटरचा दाब असतो आणि रक्ताला तो ढकलून आत शिरावे लागते. धाप लागलेला माणूस एकदम उठून उभा राहिला आणि रक्तदाब थोडा घसरला, की पहिला फटका पडद्याला बसतो. म्हणून शुद्ध असतानाच कडेकडेने काळे होत येते. दुसरीकडे, डोळ्यांकडून आलेले चित्र लावणारा मेंदूचा मागचा भाग रक्तपुरवठा घटल्यामुळे मंदावतो, त्याने ठिपके, चमक आणि धूसरपणा येतो. घबराटीत बाहुल्या मोठ्या होतात आणि जवळचे अक्षर फुटते, हे तिसरे.

घरी करण्याजोगी एक तपासणी जरूर करा. अंधारी आली की एक डोळा हाताने झाका, मग दुसरा. दोन्ही डोळ्यांत सारखे दिसत असेल आणि श्वास स्थिरावल्यावर जात असेल, तर कारण बहुधा धापेचे. एकाच डोळ्यात पडदा ओढल्यासारखे, एका कोपऱ्यात काळे, किंवा अचानक काहीच न दिसणे असेल, तर तो श्वासाचा प्रश्न नाही. त्याच दिवशी, शक्य तर त्याच तासात, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पोहोचा. पडदा सुटणे आणि पडद्याची धमनी तुंबणे यांत वेळ गेला की दृष्टी परत आणणे अवघड होते.

प्रश्न: चूल फुंकताना चक्कर येते ती धुराने की फुंकण्याने? (गृहिणी, खानापूर तालुका)

उत्तर: बहुतेक वेळा दोन्हींनी. फुंकणीतून सलग दहा-पंधरा लांब फुंकरी मारल्या की प्रत्येक फुंकरीआधी छातीभर श्वास घेतला जातो, आणि मिनिटाला हवा नेहमीच्या तिप्पट-चौपट फिरते. कार्बन डायऑक्साइड उतरतो आणि डोके गरगरते. तीन-चार फुंकरी, मग पाच-सहा साधे श्वास, असे करा. वाकून फुंकून झाल्यावर झटकन उठू नका. गणपतीत फुगे फुगवणाऱ्या मुलांना आणि नव्याने तुतारी शिकणाऱ्यांनाही हेच लागू आहे. मात्र चूल न फुंकता नुसते त्या खोलीत बसूनही डोके दुखत असेल, मळमळत असेल, तर तो धुरातला कार्बन मोनॉक्साइड आहे. आधी बाहेर पडा, खिडकी उघडा.

प्रश्न: धाप लागली की नेमके काय करायचे, क्रमाने सांगा. कागदी पिशवीत श्वास घ्यायचा का? (नर्सिंगची विद्यार्थिनी, बेळगाव)

उत्तर: कागदी पिशवी नको, प्लास्टिकची तर मुळीच नको. पिशवीत कार्बन डायऑक्साइड वाढतो हे खरे, पण त्याच वेळी ऑक्सिजन उतरतो. धापेचे कारण हृदयाचे किंवा फुप्फुसाचे असेल तर तो उतार जीव घेऊ शकतो. अशा मृत्यूंची नोंद १९८९ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आली, आणि तेव्हापासून हा जुना उपाय टाळण्याकडेच कल आहे.

पहिले काम, ही धाप खरोखर घबराटीची आहे का ते पाहणे. मधुमेही माणूस खोल आणि भरभर श्वास घेतो आहे, तोंडाला गोडसर वास येतो, उलट्या होतात, तर रक्तात आम्ल वाढलेले असू शकते. तो श्वास शरीर स्वतःला वाचवण्यासाठी घेत असते, त्याला 'सावकाश घे' म्हणणे धोक्याचे. ताप आणि खोकला, छातीत दुखणे, एका पायाला सूज, ओठ निळसर, छातीत सूं-सूं आवाज, शेतात औषध फवारून आल्यावर सुरू झालेली धाप, सॅचुरेशन (ऑक्सिमीटरवरचा आकडा) ९४ च्या खाली: यातले एकही असेल तर दवाखाना. लहान मुलांचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजा. २ महिन्यांखाली ६०, २ ते ११ महिन्यांपर्यंत ५०, आणि १ ते ५ वर्षांत ४० किंवा जास्त असले तर ते न्यूमोनियाचे लक्षण धरावे. १०८ ला फोन केल्यावर पलीकडचा माणूस कन्नडच बोलत असेल, तर 'उसिराटद तोंदरे' म्हणजे श्वासाचा त्रास, एवढे म्हणून गावाचे आणि तालुक्याचे नाव सांगा.

हे सगळे नाही आणि त्रास पूर्वीसारखाच आहे, असे दिसले तर बसवा. उभे ठेवू नका. कोपर टेबलावर किंवा गुडघ्यावर टेकवायला सांगा, म्हणजे खांदे वर-खाली होणे थांबते. तोंड मिटून नाकाने श्वास. आत ४ सेकंद, बाहेर ६ सेकंद, म्हणजे मिनिटाला सहा. सुरुवातीला हे जमत नाही आणि 'गुदमरतंय' असे वाटते, तेव्हा २ सेकंद आत आणि ३ सेकंद बाहेर यावरून सुरू करून हळूहळू लांबवा. श्वास सावकाश हवा आणि छोटाही हवा. इथे सगळ्यात जास्त चूक होते: वेग कमी करतात आणि प्रत्येक श्वास छातीभर घेतात, मग कार्बन डायऑक्साइड जिथल्या तिथे राहतो. पोटावर ठेवलेला हात जरासा हलावा, एवढाच श्वास पुरे. मोठ्याने आकडे मोजायला लावणे हाही चांगला उपाय, बोलताना उच्छ्वास आपोआप लांबतो.

धीर धरा. कार्बन डायऑक्साइड उतरतो लवकर, चढतो सावकाश, कारण शरीर विश्रांतीत मिनिटाला सुमारे २०० मिलिलिटरच बनवते. डोके पाच-दहा मिनिटांत ताळ्यावर येते, बोटांच्या मुंग्या रेंगाळतात. दोन मिनिटांत फरक नाही म्हणून उपाय सोडून देतात आणि परत धापा सुरू होतात, असे फार होते. अर्ध्या तासाने उतार नसेल तर डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न: उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरे विहिरीत बुडी मारण्याची पैज लावतात. आधी वीस-तीस वेळा भराभर श्वास घेऊन 'दम भरतात'. यात धोका आहे का? (माध्यमिक शाळेचे मुख्याध्यापक, हुक्केरी तालुका)

उत्तर: आहे, आणि तो पट्टीच्या पोहणाऱ्यालाच जास्त आहे. घटप्रभा, मलप्रभा, कृष्णा यांच्या डोहांत पोहणाऱ्या प्रत्येक मुलापर्यंत हे पोहोचायला हवे.

दम कोंडल्यावर 'आता श्वास घेच' ही आतली धडपड मुख्यतः कार्बन डायऑक्साइड वाढल्याने होते. ऑक्सिजन संपत आल्याची घंटा फार क्षीण असते. भराभर श्वासांनी ऑक्सिजन नावापुरता वाढतो, पण कार्बन डायऑक्साइड ४० वरून २०-२५ वर येतो. मुलगा पाण्याखाली जातो, त्याला छान वाटते, श्वासाची ओढ लागतच नाही. तिकडे पोहण्याच्या श्रमात ऑक्सिजन खर्च होत असतो. कार्बन डायऑक्साइड धडपडीच्या पातळीला पोहोचण्याआधीच मेंदूचा ऑक्सिजन संपतो आणि शुद्ध जाते. त्यात मेंदूच्या रक्तवाहिन्या आधीच आवळलेल्या. गटांगळ्या नाहीत, हात वर करणे नाही. वरचे मित्र 'अजून दम आहे' म्हणून आकडे मोजत राहतात.

खोल विहिरीत आणखी एक फसवणूक होते. १० मीटर खोलीवर दाब दुप्पट असतो, त्यामुळे फुप्फुसातला थोडा ऑक्सिजनही रक्तात शिरत राहतो. वर येताना दाब उतरतो, आणि पृष्ठभागाच्या अगदी जवळ मुलगा बेशुद्ध होतो.

नियम साधे ठेवा. बुडीआधी एक किंवा दोन नेहमीचे श्वास, त्याहून जास्त नाही. वेळेची पैज बंद. पाण्यात एका वेळी एकच जण, आणि वर पोहता येणारा एक जण नजर न हलवता उभा. बुडीच्या दुप्पट वेळ विश्रांती झाल्याशिवाय पुढची बुडी नाही. विहिरीवर दोर आणि हवा भरलेली ट्यूब कायम असावी. वर काढलेला मुलगा श्वास घेत नसेल तर त्याला उलटा टांगू नका, गरगर फिरवू नका, पोट दाबू नका. यात गेलेली मिनिटे मेंदूची असतात. पाठीवर झोपवा, हनुवटी वर करा, नाक धरून तोंडाने आधी श्वास द्या, मग छातीच्या मध्यावर ३० दाब आणि २ श्वास हा क्रम चालू ठेवा. बुडालेल्याला सगळ्यात आधी ऑक्सिजन लागतो, म्हणून श्वास वगळून नुसते दाब देऊ नका.

प्रश्न: वय ६२. काचबिंदूचे थेंब चालू आहेत. योगवर्गात भस्त्रिका, कपालभाती आणि शेवटी शीर्षासन असते. गुरुजी म्हणतात, भस्त्रिकेने डोळ्यांना ऑक्सिजन मिळतो. चालू ठेवू का? (टिळकवाडी, बेळगाव)

उत्तर: शीर्षासन आजच बंद करा. त्यात डोळ्याचा दाब जवळजवळ दुप्पट होतो, आणि हे आपल्याच देशातल्या नेत्रतज्ज्ञांनी मोजलेले आहे. सर्वांगासन, हलासन आणि डोके खाली राहील अशी इतर आसनेही टाळा.

भस्त्रिकेत श्वास खोलही असतो आणि भरभरही, त्यामुळे कार्बन डायऑक्साइड सगळ्यात जास्त उतरतो. काचबिंदूत डोळ्याच्या नसेचा रक्तपुरवठा आधीच ताणलेला असतो, तिथे रक्तवाहिन्या आणखी आवळणे हिताचे नाही. भरभर श्वासाने डोळ्याचा दाब थोडा वेळ किंचित उतरतो हे खरे आहे. तो आकडा दाखवून कोणी थेंब सोडायला सांगितले तर ऐकू नका. तो उतार काही मिनिटांचा असतो. तपासणीच्या दिवशी दाब मोजण्याआधी प्राणायाम करू नका, खरा आकडा झाकला जाईल.

कपालभातीत एका झटक्याला थोडीच हवा बाहेर पडते, म्हणून ती त्या मानाने सौम्य. तरी सलग पाच मिनिटे आणि मिनिटाला १२० झटके म्हणजे भस्त्रिकेच्याच वाटेने जाणे. सेकंदाला एक याप्रमाणे २० ते ३० झटके, मग एक मिनिट साधा श्वास, अशा तीन फेऱ्या पुरेत. ओठांना मुंगी आली की थांबा. जोर लावून कुंभक करू नका, बंधही नकोत, कारण दम कोंडून कुंथले की डोळ्याचा दाब चढतो. कुंभकाशिवाय अनुलोम-विलोम आणि भ्रामरी चालेल. तुमच्या नेत्रतज्ज्ञांना ही यादी दाखवून मग वर्गाला जा.

प्रश्न: मुलगा मराठा लाइट इन्फन्ट्रीत आहे, बेळगावच्या सेंटरमध्ये शिकून आता लडाखला गेला. फोनवर सांगतो, झोपेत श्वास भरभर होतो, मग थांबतो. काळजीचे आहे का? (बेळगाव तालुका)

उत्तर: लेह सुमारे ३,५०० मीटरवर आहे. तिथे श्वासातून मिळणारा ऑक्सिजनचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाहून कमी असतो. तिथली धाप परीक्षेतल्या धापेसारखी नाही, ती गरजेची आहे. ऑक्सिजन कमी म्हणून मेंदूच्या रक्तवाहिन्या रुंद होऊ पाहतात आणि कार्बन डायऑक्साइड उतरल्याने अरुंद होऊ पाहतात. ही ओढाताण काही दिवस चालते. मूत्रपिंडे जादा बायकार्बोनेट (रक्त अल्कधर्मी करणारा क्षार) लघवीतून टाकतात आणि शरीर स्थिरावते. झोपेत श्वास वाढणे आणि थांबणे हा याच ओढाताणीचा भाग आहे आणि पहिल्या दिवसांत तो पुष्कळांना होतो.

लष्करात यासाठी पहिल्या टप्प्याला सहा दिवस दिले जातात, त्यातले पहिले दोन विश्रांतीचे. तो काळ मुलाने चोख पाळावा. डॉक्टरांनी असिटाझोलामाइड (उंचीवरच्या त्रासासाठीची गोळी) दिले असेल तर बोटांना मुंग्या येतील, ते त्या गोळीमुळे. त्रास लपवू नये, हे मात्र त्याला बजावून सांगा. सरळ रेषेत टाच-चवडा जोडून चालता न येणे, गोंधळणे, बसल्या जागी धाप, किंवा एका डोळ्यात अचानक मध्यभागी डाग दिसणे, यातले काही झाले तर वैद्यकीय अधिकाऱ्याला ताबडतोब सांगायचे. त्यावर मुख्य उपाय खाली उतरणे हाच.

प्रश्न: मेव्हण्याला हायवेवर अपघात झाला, डोक्याला मार लागला. व्हेंटिलेटरचा वेग वाढवून मेंदूला जास्त ऑक्सिजन का देत नाहीत? (चिकोडी)

उत्तर: वेग वाढवला तर मेंदूला कमी मिळेल. कवटीतला दाब एकदम वाढून बाहुली मोठी होऊ लागली, तर शस्त्रक्रियेपर्यंतचा वेळ मिळवायला डॉक्टर थोड्या वेळापुरता वेग वाढवतात. रक्तवाहिन्या आवळतात, कवटीत जागा होते. पण मार लागलेल्या मेंदूचा रक्तपुरवठा पहिल्या २४ तासांत आधीच घटलेला असतो. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत कार्बन डायऑक्साइड पाच दिवस २५ च्या आसपास ठेवलेल्या रुग्णांची स्थिती तीन आणि सहा महिन्यांनी इतरांपेक्षा वाईट निघाली. म्हणून तो साधारण ३५ ते ४० च्या आसपास राखतात. शिवाय हा परिणाम दिवसभरात ओसरतो, आणि वेग अचानक कमी केला तर दाब उलट उसळतो.

नातेवाइकांच्या हातात असलेली एक गोष्ट सांगतो. चिकोडी-निपाणीहून कोल्हापूर, मिरज किंवा बेळगावला नेताना हाताने दाबायची अँबू बॅग वापरतात, आणि घाईत ती फार भराभर दाबली जाते. मोठ्या माणसाला ५ ते ६ सेकंदांनी एकदा, छाती नुकती वर येईल एवढेच दाबायचे. दाबणाऱ्याच्या शेजारी बसून घड्याळ धरून आकडे मोजलेत तरी मोठी मदत होते.

प्रश्न: मुलाच्या ईईजी (मेंदूतल्या विद्युतलहरींचा आलेख) तपासणीत तीन मिनिटे जोरात श्वास घ्यायला लावतात. ते सुरक्षित आहे का? (सौंदत्ती)

उत्तर: देखरेखीखाली हो. कार्बन डायऑक्साइड उतरला की काही प्रकारच्या फिट, विशेषतः क्षणभर हरवल्यासारखे होण्याच्या, आलेखात उघड होतात. तेवढ्यासाठीच ते करवतात. मुलाला पूर्वी पक्षाघात, हृदयाचा किंवा फुप्फुसाचा मोठा आजार, सिकल सेल (रक्तपेशींचा आनुवंशिक आजार) किंवा मेंदूच्या धमन्या अरुंद होण्याचा आजार असेल, तर तंत्रज्ञाला आधीच सांगा, त्यांना हा भाग वगळता येतो. तपासणीनंतर मूल पाचेक मिनिटे तसेच पडून राहू द्या आणि मग उठवा.